बिनहातांची बाई

अण्णा, काचीगुड्याचं घर बिल्डरला दिलं. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. तुमची कायद्याची पुस्तकं, आईचे डबे, ऑफिसातलं ते डुगडुगणारं टेबल, सगळ्यांची सोय लागली. अडून बसलीय ती एकटी तुमची बिनहातांची बाई. दादाच्या नव्या फ्लॅटमध्ये म्हणे तिला जागा नाही. जागा चिक्कार आहे हो, पण वास्तुवाल्यानं सांगितलंय, भंगलेली मूर्ती घरात नको. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. दादा म्हणाला, तू ने, नाहीतर अफझलगंजच्या बाजारात कुणाला तरी देऊन टाकू. तो गेल्यावर तिला समोर स्टुलावर ठेवलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही ती आणलीत तो दिवस मला लख्ख आठवतो. तुमच्या एका म्हाताऱ्या अशिलाची देवडी, म्हणजे जुना नवाबी वाडा, पाडायला काढली होती. सामान हलवताना त्यांनी ती तुम्हाला भेट दिली. चादरीत गुंडाळून, तान्ह्या पोराला घ्यावं तशी मांडीवर घेऊन तुम्ही रिक्षातून आलात. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि चादर निघाल्याबरोबर तिचा चेहरा पडला. उघडं अंग तिनं एक वेळ चालवून घेतलं असतं, पण दोन्ही हात तुटलेली मूर्ती उंबऱ्याच्या आत? तुम्ही समजावताय की ही मूर्ती नव्हे, पुतळा आहे. पॅरिसला जगप्रसिद्ध व्हीनस आहे, संगमरवराची, ती जमिनीतून निघाली तीच हात गेलेली, आणि ही तिची ब्राँझमधली नक्कल, तीही चांगली जुनी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे धड करता येत असताना मुद्दाम तुटकी केली?" यावर तुमच्यासारखा वकीलही चादरीच्या घड्या घालू लागला. मग तोडगाही तिनंच काढला, कासाराकडून हात बसवून आणा आणि मग खुशाल ठेवा. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. शेवटी बाई ऑफिसच्या खोलीत राहिली, कारण आईच्या लेखी ती खोली घरात मोडत नव्हती. नांदेडकडचे तुमचे अशील बिचारे तिला हात जोडायचे. एकानं तर पुढ्यात नारळ ठेवला, आणि त्याची चटणी आईनंच केली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते मी परत येईपर्यंत. लग्न करून औरंगाबादला गेलेली मी, दुसरी दिवाळी यायच्या आत एक बॅग घेऊन काचीगुडा स्टेशनवर उतरले. तिकडे काय झालं ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आई निदान रडायची तरी. तुम्ही आपले फायलींत डोकं घालून बसलेले. मला तुमचा भयंकर राग यायचा, अण्णा. वाटायचं, यांना मी घरात नकोय, फक्त तोंडानं म्हणवत नाहीये. त्यात आत्या आल्या, तुमच्या सख्ख्या बहीण. मी झोपलेय असं समजून दुपारी आईला सांगत होत्या की वहिनी, तुटकी बाई घरात आणून ठेवलीत, पोरीचा संसार टिकणार कसा? आईनं ते मनाला लावूनच घेतलं. ताटावर बसेना, बसली तर नुसती चिवडत राही. एका संध्याकाळी तुम्ही कोर्टातून आलात, जुनी चादर मागितलीत आणि मला म्हणालात, चप्पल घाल.

मूसी नदीच्या पुलावर रिक्षा थांबते. लोक कठड्यावरून निर्माल्याच्या पिशव्या टाकतायत, खालून घाण वास येतोय. तुम्ही बाईला कठड्यावर टेकवून उभे. दोन्ही हात तिच्यावर, आणि नुसते खाली बघताय. रिक्षावाला मागून म्हणतो, "साब, डालना है तो डालो, पोलीसवाला आरा." तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही. मग माझ्याकडे वळून, कोर्टात बोलायचात त्या आवाजात म्हणता, "हिला टाकलं तर तुझी आत्या म्हणते ते मी कबूल केलं असं होईल. तुझ्यात काही तुटलंय हे मला मान्य नाही." एवढंच बोललात आणि तिला पुन्हा चादरीत घेतलंत. घरी आल्यावर तिला ऑफिसात नेलीच नाहीत. थेट बैठकीत, दारातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशी ठेवलीत आणि आईला सांगितलंत की ही इथे राहील आणि पोरगीही राहील. आई बरेच दिवस बैठकीत पाऊलही टाकत नव्हती. पुढे एकदा सकाळी मी उठले तर ती पदरानं बाईच्या खांद्यावरची धूळ पुसत होती. आत्या मात्र शेवटपर्यंत तिच्याकडे पाठ करूनच बसायच्या.

मला नंतर विद्यानगरच्या शाळेत नोकरी लागली, तुम्ही गेलात, आई गेली. तुमचं म्हणणं मला पटायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. उद्या दादाला फोन करून सांगणार आहे की ती माझ्याकडे येतेय, आणि वास्तुवाल्याला माझ्याकडे पाठवू नकोस.

पण एक गोष्ट तुमच्या हयातीत सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता हे पत्र टाकायला पत्ता नाही. पुलावर मी गप्प उभी होते ना, तेव्हा मनातल्या मनात म्हणत होते, टाका, अण्णा, टाका एकदाची. आत्यांचंच खरं ठरू दे. सगळा दोष त्या बाईचा निघू दे, म्हणजे माझ्या वाट्याला काही उरणार नाही. तुम्ही ती परत उचललीत आणि मला रडू फुटलं. तुम्हाला वाटलं, पोरीला भरून आलं. तुम्ही खिशातला रुमाल काढून दिलात, आणि मी डोळे पुसत तुम्हाला तसंच वाटू दिलं.