डॅमेजचा माल

अंजूर,
मंगळवार

प्रिय मनोज,

ऋतिकाचा रिपोर्ट भावनाने मला फोनवर वाचून दाखवला. बाप असून तू सांगितला नाहीस. नऊ वर्षांच्या पोरीच्या लिव्हरवर चरबी, आणि पाकिटातलं सगळं बंद करा म्हणून डॉक्टरांचा हुकूम! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय, तेव्हा हे पत्र गोड होणार नाही.

टेमघरच्या तुझ्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली काय भरलंय, ते मी बघितलंय. बिस्किटं, नूडल्स, साखरेचं रंगीत पाणी. आपल्या शेतावर उभ्या राहिलेल्या गोडाऊनमध्ये खोकं चेपलं की ते डॅमेजमध्ये जातं आणि जागामालक म्हणून तुझ्या घरी येतं. फुकट ते पौष्टिक, असं हसत म्हणायचास. झालं पौष्टिक? मी पाठवलेला लाल तांदूळ आणि नाचणी मात्र तू वॉचमनला देऊन टाकलीस. त्याची बायको जिन्यात गाठून माझे आभार मानते, तेव्हा मी तोंड कुठे लपवू? आणि भावनाला बोल लावू नकोस. ती सकाळी सातला ड्युटीवर जाते. तू दिवसभर घरी असतोस, पेज शिजवायला तुझे हात झिजतात का?

गणपतीत ऋतिका चार दिवस माझ्याकडे होती. बांधावरची काकडी तोडून हातात दिली, तर उलटीपालटी करून विचारते, हिच्यावर एक्सपायरी कुठे छापलीय? आपल्या लावणीला येणारी गंगू पोट धरून हसली. मला रडू आलं. दोन दिवस पोरीने ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मागून घेतलं. गंगू म्हणाली, "हिला भूक कवा लागूच देत न्हाय वाटतं." बरोबरच बोलली ती.

दोष सगळा तुझाच, असं मी म्हणत नाही. चेपलेलं पहिलं खोकं मीच उघडलं होतं. ऋतिका दीड वर्षांची होती, रडत होती, आणि मी चूल पेटवायचा कंटाळा केला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गुरुवारी तू उरलेल्या वीस गुंठ्यांचा कागद घेऊन येणार आहेस, दुसऱ्या गोडाऊनसाठी. तो तुकडा गेला की पोरीला खायला घालायला माझ्याकडे आपला एक दाणा उरणार नाही. तुझे बाबा गेल्यावर पहिल्या कागदावर मी सही केली, ती काही पटली म्हणून नाही. तू समोर बसला होतास, तुझं तोंड उतरलं होतं, आणि ते मला बघवत नाही. परवाही बघवणार नाही. समोर आलास तर मी सही करीन, मला माझा भरवसा नाही. म्हणून आजच लडकूच्या रिक्षातून हे पत्र पाठवतेय. सही मिळणार नाही. गुरुवारी तू येऊ नकोस. भावनाबरोबर ऋतिकाला पाठव.

तुझीच,
आई