ओटवेंचा चौदा मैलांचा सौम्य फेरा

२८ एप्रिल, रविवार
मंडळाची साप्ताहिक सायकलफेरी. नऊ मैल. पिछाडीप्रमुख या नात्याने मी पूर्ण वेळ सर्वांच्या मागे राहून लक्ष ठेवलं. एकही माणूस माझ्या मागे राहिला नाही. गेली सहा वर्षं हा लौकिक आहे.
चहाच्या वेळी मोठी बातमी. आमचे कॅप्टन वॉल्टर पिम (वय ७९) गुडघ्यांमुळे निवृत्त होताहेत. म्हणाले, ज्याला कॅप्टन व्हायचंय त्याने स्वतःच्या मार्गाने एक फेरी काढून दाखवावी, दोन जूनला मतदान. हे बोलताना ते थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे केकचं कपाट होतं हे खरं, पण नजर ओळखू येते.

२९ एप्रिल
बायकोला सांगितलं. हिलरी म्हणाली, लेनर्ड, तू शेवटचा पुढे कधी होतास? तिला समजावलं की खरं नेतृत्व मागूनच करायचं असतं. ती म्हणाली, बरं. आणि कपडे वाळत घालायला गेली.
संकल्प: रोज सकाळी सहाला उठून दहा मैल. उद्यापासून.

३० एप्रिल, स. ६.००
पाऊस नाही, पण आभाळाची लक्षणं बरी नाहीत. उगाच विषाची परीक्षा कशाला?

१ मे, स. ६.१०
उठलो! मागच्या चाकात हवा कमी. पंप सापडला तेव्हा साडेआठ. आता उन्हाचं कोण जाणार?

४ मे
मार्ग आखला. आपलं ग्रेट स्विलिंग ते नेदर कोल आणि परत. तिथे मिसेस रड यांचं चहाघर आहे, त्यांच्या स्कोनला (चहाबरोबरचे गोड पाव) तोड नाही. अंतर मोजायला हिलरीच्या विणकामातली लोकर घेतली, नकाशावर रस्त्याच्या वळणांवरून घट्ट ताणून बसवली, मग पट्टीवर मोजली. बरोबर चौदा मैल. म्हणून नाव ठेवलं, लेनर्ड ओटवेंचा चौदा मैलांचा सौम्य फेरा. या शास्त्रीय पद्धतीचं हिलरीला काही कौतुक नाही, ती फक्त लोकर परत मागत होती.
नेदर कोलच्या अलीकडे नकाशात चढ दाखवणाऱ्या तपकिरी रेषा फार दाट आहेत. नकाशावाल्यांना भारी हौस. आमच्या सफोकमध्ये चढ नसतो हे शेंबडं पोरही सांगेल.

१२ मे
हिलरी म्हणाली, बाबा रे, लोकांना नेण्याआधी एकदा स्वतः जाऊन ये. तिच्या समाधानासाठी गेलो. भुरभुर होती म्हणून गाडीने. मार्ग उत्तम. गाडीला कुठेही चढ लागला नाही.

१९ मे, रविवार
दुसरा उमेदवार म्हणजे आमचा दंतवैद्य गॉर्डन टाइस. आज त्याची फेरी. बारा मैल, सगळं वेळेवर, साडेदहाला चहा, स्कोन गरम. नीरस! दर फाटकाशी सगळे माझ्यासाठी थांबत होते, बहुधा माझा सल्ला हवा असावा. मी पोचलो की मात्र निघायचे. मला मान द्यायची ही त्यांची पद्धत.
मतांचा अंदाज: मी आठ, गॉर्डन तीन.

२३ मे
सायकलची सीट चार मिलिमीटर वर घेत होतो तेव्हा हिलरी येऊन बोलत होती. मिसेस रड, सोमवार, फोन वगैरे. मी हो हो म्हणालो. ऐकलंस ना? म्हणाली. म्हटलं, अक्षर न् अक्षर. मग तिने माळ्यावरचे दोन मोठे थर्मास काढून घासायला घेतले. हिला मधूनच आवरासावर सुचते.

२७ मे, सोमवार (सुट्टी)
आजचा दिवस माझा! रविवारी मैदानावर जत्रा होती, म्हणून आपली फेरी आज.

स. ८.३०. मला धरून अकराजण हजर. शिवाय हिलरी! मंडळातल्या मिसेस फेनिमोर यांची जुनी टोपलीवाली सायकल मागून आणलीय. म्हणाली, तुझी फेरी, मी यायला नको? भरून आलं. वॉल्टर म्हणाले, जो आज आला तो सभासद. म्हणजे माझं एक मत वाढलं.

स. ९.२०. चढ. हा १२ तारखेला नव्हता. मी उतरलो, कुंपणाकडची फुलं बघायला. मिसेस फेनिमोर (वय ७८, गिअर नाहीत) शेजारून गेल्या. म्हणाल्या, काय लेनर्ड, फुलं मोजताय का? चालू द्या, वर थांबतो आम्ही.

स. १०.०५. दुसरा चढ. जास्त फुलं.

स. १०.४०. एका शेताच्या फाटकाशी हंस. बारा-पंधरा, मोठे, चिडके. मी पुढे असल्यामुळे सर्वांत जास्त मलाच चावले. नेतृत्वाची किंमत.

स. ११.१५. रस्त्यावरून ओढा वाहतो तिथे आलो. गाडीने आलो तेव्हा होतं तसं पाणी जेमतेम घोटाभर असेल असं मागे वळून जाहीर केलं आणि घुसलो. कमरेपर्यंत. बाकीचे शेजारच्या पादचारी पुलावरून आले. हा पूल माझ्या नजरेतून कसा सुटला कळत नाही, चांगला पांढरा रंगवलेला होता. वॉल्टर एवढंच म्हणाले, वारा आहे, वाळेल.

स. ११.५०. वॉल्टरनी विचारलं, किती राहिलं? चार मैल.

दु. १२.३०. परत विचारलं. चार मैल. लोकर ताणली की लांबते आणि पट्टीवर सोडली की आखडते हे आत्ता लक्षात येतंय. पण कुणाला सांगितलं नाही, मनोधैर्य खचतं.

दु. १.०५. नेदर कोल! वीस-एक मैल झाले असतील. सगळे हसतमुख. धन्य आहेत हे लोक. हंस, ओढा, चढ, कशाबद्दल कुरकूर नाही. चहाघरापाशी सायकली लावल्या. दारावर कागद: बहिणीकडे गेले आहे. मंगळवारी भेटू. मिसेस रड.
मिसेस फेनिमोर यांनी हातमोजा काढून दाराची मूठ फिरवून पाहिली. मोजा परत घातला. गॉर्डन म्हणाला, हं.
मी या माणसांत एकसष्ट वर्षं काढली आहेत. हंस माफ असतात. ओढासुद्धा. पण साडेचार तास सायकल मारून चहा नाही, आणि कुणी 'हं' म्हणालं, की संपलं. पळून जावंसं वाटलं.
तेवढ्यात हिलरीने टोपलीवरचा टॉवेल काढला. दोन थर्मास. बारा कप. फळांचा केक, कापलेला. दूध वेगळ्या बाटलीत. म्हणाली, मिसेस रडनी गुरुवारीच फोनवर सांगितलं होतं, सोमवारी बंद. वॉल्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिने पहिला कप दिला, मी सर्वांत ओला म्हणून.
परतीचा रस्ता तिनेच दाखवला. मिसेस रडना विचारून ठेवला होता. सात मैल, सपाट.

२८ मे
एकंदर फेरी यशस्वी. चहाचं काम योग्य व्यक्तीकडे सोपवणं हीच कॅप्टनची कसोटी. सर्वांनी निरोप घेताना 'छान झालं' म्हटलं. गॉर्डनने तर दोनदा. नवा अंदाज: मी नऊ, गॉर्डन तीन.
मांड्या दुखतात. जिना बसून उतरलो.

१ जून
आभाराचं भाषण तयार. चार पानं. हिलरीला वाचून दाखवणार होतो, पण मिसेस फेनिमोर तिच्याशी तासभर फोनवर होत्या. विषय कळला नाही. केकची कृती असणार.

२ जून, रविवार, दु. १२.३०
गावसभागृहात मतदान. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या. सुरू होण्याआधी मिसेस फेनिमोर उठल्या आणि हिलरीचं नाव सुचवलं. मी नियम सांगितला, उमेदवाराने एक फेरी पुढे राहून काढलेली असली पाहिजे. वॉल्टर म्हणाले, लेनर्ड, सोमवारी आम्हाला घरी कुणी आणलं?
निकाल. हिलरी अकरा. मी एक. गॉर्डन शून्य.
सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. गॉर्डनने खांद्यावर थोपटलं. सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याने स्वतःलाच दिलं.
ते मत माझं नव्हतं. इथे खोटं लिहून काय करू? पेन्सिल हातात घेतली तेव्हा स्वतःचंच नाव लिहिणार होतो. पण नेदर कोलचा तो पहिला कप आठवला आणि हिलरीचं नाव लिहून मोकळा झालो. वर घडीसुद्धा नीट घातली.

दु. २.१५
मग ते एक कुणाचं? घरी आल्यापासून डोकं खाजवतोय. स्वयंपाकघरात गेलो. हिलरी ओव्हनमधून बटाटे काढत होती. विचारलं. मान वर न करता म्हणाली, माझं. म्हटलं, अगं, का पण? तू स्वतः उभी होतीस ना? म्हणाली, अरे, शून्य पडलं असतं तर तू जेवला असतास का?
पान मांडलं. जेवलो. बटाटे दोनदा मागून घेतले.