फुटाला इंच

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तूही असशील असं धरून चालतो.

पत्राला उशीर झाला तो एका चमच्यामुळे. तांदळाच्या दाण्याएवढा चमचा. काल तो बाहुलीघरातल्या टेबलावरून पडला आणि पन्नाशीला टेकलेला, चारचौघांत मान असलेला तुझा भाऊ दोन तास जमिनीवर रांगत होता. शेवटी तो माझ्याच मोज्याला चिकटलेला निघाला. या अन्यायाची दाद कुठे मागायची? उशीर दोन तासांचा नाही, सहा वर्षांचा आहे, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

बातमी अशी, की आपण लहान असताना बाबांनी केलेलं ते बाहुलीघर आता बघण्यासारखं झालंय. खऱ्या घरातल्या फुटाला इथे इंच, असं चोख माप. पितळी नळ, मखमली खुर्च्या, नखाएवढा आरसा. तू केलेली काडेपेट्यांची कपाटं मापात बसेनात, म्हणून टाकली. संग्राहकांत माझा दरारा आहे. म्हणजे एकूण अकरा जणांत.

तीनेकशे वर्षांपूर्वी अशी घरं श्रीमंत बायका मिरवायला ठेवत आणि मुलांना हात लावू देत नसत, असं वाचलं. केवढा धीर आला. बाबा गेल्यावर तू लेकीला घेऊन आलीस, तेव्हा तिच्या हातावर मी चापट मारली, तो माझा कोतेपणा नव्हता, परंपरा होती! पोरीनं फक्त बाहुलीला झोपवलं होतं. तू तिच्या पायात चपला घातल्यास आणि निघालीस.

गेल्या आठवड्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक बाई संग्रह बघायला आल्या. डोळ्याला भिंग लावून खोली न् खोली पाहिली. स्वयंपाकघराच्या दाराशी मी चिकटवलेला फुलाफुलांचा कागद सुटला होता. त्याखाली चौकटीवर पेन्सिलीचं काळं काहीतरी.

"डाग आहे. पुसू का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "तिथे एकजण राहते."

बाबा आपल्याला दाराशी उभं करून उंची मोजत, तशी तू दर वाढदिवसाला बाहुलीची मोजायचीस. ती वाढेल तर शपथ. सात वर्षांच्या सात रेघा, एकावर एक. "हिच्या खाण्याकडे लक्ष दे गं," बाबा अगदी गंभीरपणे सांगायचे. बाई गेल्यावर मी उरलेल्या कागदाला नख लावलं.

आता जे टाळतोय ते. बाहुलीघर बाबांनी मला दिलं, असं मी तुला सांगितलं. ते अर्धंच होतं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं ते असं: "जिन्याची पायरी निखळलीय. तेवढी बसव आणि ताईला नेऊन दे."

पायरी मी त्याच आठवड्यात बसवली.

घर पेटीत घालून या पत्राबरोबर टेम्पोनं पाठवतोय. फुलांचा कागद सगळा सोलून काढलाय. कपाटं परत देता येत नाहीत. तुझी लेकही आता खेळायच्या वयाची राहिली नसेल, तेही माझ्यामुळेच. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

फक्त पेटी उतरवून घे. बाबांचं काम तेवढं पुरं होईल.

तुझा,
धाकटा