इजहार शेख याच्या आवाजाबद्दल

मी, धर्मराज अप्पाराव खरात, वय ७४, धर्म बौद्ध, निवृत्त गायक, राहणार मंठा, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉ. पायल घुगे यांनी काल मला तपासले. डोके शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. आधीचा मसुदा मी फाडला. कारण कलम ६ मध्ये आहे.

१. मी टेनर होतो, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचा पाश्चात्त्य शास्त्रीय गायक. वडील जालन्यात एका चर्चमध्ये माळी होते, तिथे मी गायला शिकलो. पुढे एकतीस वर्षे हॉलंडमध्ये दोन प्रकारचे संगीत गायलो: तीन-चारशे वर्षांपूर्वीचे, आणि शाई न वाळलेले. मधल्या काळाच्या संगीताला मोठा आवाज लागतो. माझा बारीक होता.

२. दर वर्षी ईस्टरच्या सुमारास येशूच्या मरणाची कथा गाऊन सांगण्याचे काम मला मिळे. धाकटी बहीण कौसल्या म्हणाली होती, "दादा, दुसऱ्याच्या देवासाठी वर्साला रडतोस, माझ्या लग्नाला आल्ता का?" आलो नव्हतो. ती आता नाही. तिची मुले सुमित आणि मोनाली हेच माझे वारस.

३. सुमितने माझ्या गाण्याच्या कॅसेटींची फीत सोडवून ज्वारीतली पाखरे हाकायला बांधावर ताणली. विचारले तर म्हणाला, "मामा, मस्त आवाज करून राह्यली." उरलेल्या तेरा कॅसेटी त्यालाच द्याव्यात. शेताची माझी वाटणीही त्याची.

४. संगीतकारांनी खास माझ्या आवाजासाठी पाच रचना लिहिल्या. मी गाणे सोडल्यावर त्या कोणी गायल्या नाहीत. त्यांच्या स्वरलेखनाच्या वह्या हॉलंडमध्ये मी शिकलो त्या संगीतशाळेला पाठवाव्यात. तिथे कोणी बारीक आवाजाचा निघेल. मी तो इथे शोधला, आणि नव्हता तिथे शोधला.

५. इजहार मुनीर शेख एकोणीस वर्षांचा असताना माझ्याकडे आला. जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात काम करी, सुटीला मोटारसायकलने मंठ्याला येई. त्याचा आवाज खालच्या पट्टीचा होता. पहिल्याच दिवशी मला ते कळले. तरी मी त्याला टेनर म्हणून शिकवले, कारण मला माझ्या वह्या गाणारा हवा होता. सहा वर्षे शिकवले. तो म्हणे, "सर, वर गेलं की गळ्यात खडा अडकून राह्यला." मी म्हणे, रियाझ कमी पडतो. शेवटी स्वरतंतूंवर गाठी आल्या. त्याच्या प्रवेशासाठी संगीतशाळेने माझे मत विचारले, तेव्हा मी लिहिले की मुलगा आळशी आहे. गावात सांगितले, धुराने आवाज गेला. दोन्ही खोटे. त्याचा आवाज मी बिघडवला. ते पत्र मी मागे घेतो. या कलमाची प्रत संगीतशाळेला पाठवावी.

६. आधीच्या मसुद्यात मंठ्याचे घर इजहारच्या नावे होते. वकील सोमेश्वर जिगे यांच्याकडे त्याने तो वाचला आणि म्हणाला, "घर नको, सर. मला साक्षीदार करा."

वकील म्हणाले, "ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. घर सोडून नुसता सहीपुरता राहणार आहेस का?"

"वकीलसाहेब, घर घेतलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरल्तं, पोरानं लिहून घेतलं. मंग ह्या पाच नंबरला कोण खरं मानंल? मला न्हाई काहीच पायजे. सरांनी सही करताना मी समोर पायजे, बस."

मी त्याला विचार करायला आठवडा दिला. तो दुसऱ्याच दिवशी तेच सांगायला आला.

७. म्हणून घर मोनालीला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. इजहारला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

८. अंत्यविधीला माझे ध्वनिमुद्रण लावू नये. बुद्धवंदना घ्यावी, ज्याला जशी येते तशी.

ठिकाण: जालना
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

(सही) धर्मराज अप्पाराव खरात

साक्षीदार:

१. (सही) डॉ. पायल घुगे, मंठा. सही माझ्यासमोर झाली. प्रकृती व स्मृती ठीक.

२. (सही) इजहार मुनीर शेख, वय ३४, जालना. सही माझ्यासमोर झाली. त्याआधी सरांनी सगळा मजकूर मोठ्याने वाचला. कलम ५ माझ्या सांगण्यावरून दोनदा वाचले.