तळहाताखालचा रेडिओ

आप्पा, आज सकाळी भाकऱ्या थापताना मी फोनवर कुठल्याशा बेटावरचं रेडिओ स्टेशन लावलं होतं. ढोल सुरू झाला आणि मी पिठाचा हात तसाच स्पीकरवर ठेवला. ही खोड तुमची. हुपरीला आपल्या सोप्यात दिवसभर रेडिओ चालायचा, कधी मराठी, कधी कन्नड. पण तयार पैंजण तपासायची वेळ झाली की तुम्ही ओरडायचा, "बंद करा त्यो रेडिओ!" मग आईसुद्धा भांडी घासायची थांबायची. एकेक पैंजण कानाशी हलवून, इतक्या घुंगरांतून नेमकं मुकं घुंगरू तुम्ही चिमटीत धरायचा. डाख देऊन घुंगरू सांधताना आतला खडा चिकटून बसलेला असायचा. "कान गेला की धंदा गेला बघ," म्हणायचा.

पुढं मी कोल्हापुरात नोकरीला लागले, खोलीवर जुना कॉम्प्युटर आणला. इंटरनेटवर जगभरची स्टेशनं ऐकता येतात, हे मला नुकतंच सापडलं होतं. दर सोमवारी माल पोचवून, परतीच्या एस्टीआधी तुम्ही चहाला यायचा आणि मी अंदाजानं एखादं स्टेशन लावायची. "ह्यो गडी कुठला?" "आफ्रिकेतला, आप्पा." "बोलतोय काय कळंना, पर हात गोड हाय." मी कंटाळून बदलायला गेले की म्हणायचा, "थांब की! त्याचं पुरं तर होऊ दे."

एका सोमवारी मी चहा घेऊन आले तेव्हा खोलीत शांतता होती आणि तुम्ही डोळे मिटून मांडीवर ताल धरला होता. "ब्येस वाजवतोय की," तुम्ही म्हणालात. मग डोळे उघडून माझा चेहरा पाहिलात. "आत्ताच गेली लाईन," मी म्हणाले. कप हातात घेत तुम्ही हळूच म्हणालात, "घरात बोलू नगंस."

पुढच्या सोमवारी तुम्ही आल्या आल्या स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवलात. "हितं हात ठेव. दोन ढोल हाईत. एक मागनं येतोय." मला कानांनी एकच ऐकू येत होता. दिवाळीला घरी आले, तर तपासणी चाललेली आणि रेडिओही चालू. दादा कौतुकानं सांगत होता, "आप्पास्नी आता रेडिओ बंद करायबी लागत न्हाय!" तुम्ही पैंजण जबड्याच्या हाडाला टेकवून हलवत होता. मुकं घुंगरू चिमटीत आलं, तेव्हा माझ्याकडं बघून गालात हसलात. तुमच्या हातचा माल शेवटपर्यंत दुकानातून परत आला नाही. मी घरात बोलले नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही, तुम्हालाही पोचणार नाही, म्हणून सांगते. लाईन आत्ताच गेली नव्हती, आप्पा. मी चहाचं आधण ठेवलं तेव्हाच गाणं बंद पडलं होतं. चहा उकळून, गाळून होईपर्यंत तुमचा हात मांडीवर चालूच होता. मी कप घेऊन दारात बराच वेळ उभी होते. तो ताल मोडायला माझा पाय पुढं झाला नाही.