दोरीवरची ड्युटी

गुरुवार.
मला पाण्याच्या बाटल्या वाटायला बसवणार होते. मला! तोंडावर सांगितलं, बसून करायची कामं म्हाताऱ्यांना द्या. जुन्या रेसच्या गाड्यांचा मेळा आहे, तिथे व्हॉलंटियर लागतात म्हणून मुलानेच माझं नाव घातलं. आता तोच म्हणतो, आई, तिथे भांडू नकोस. मी कधी भांडते?
शेवटी दोरीची ड्युटी मिळाली. गाड्यांच्या तंबूसमोर दोरी बांधलीय, तिच्या आत कुणाला सोडायचं नाही. म्हणजे मुख्य जागाच की. नारिंगी जाकीट दिलं. त्यात मी दोनदा मावते.
निश्चय : रविवारपर्यंत कुणाला टोचून बोलायचं नाही.

शुक्रवार, सकाळ.
आम्हा व्हॉलंटियरांच्या साहेबाचं नाव मी शिट्टी ठेवलंय. गळ्यात शिट्टी, तोंडात लेक्चर. मी खुर्ची शोधत होते, अर्धंच ऐकलं. उरलेलं मला येतंच.
मुलगा मेकॅनिक. सतरा नंबरची गाडी त्याच्याकडे. मालक म्हणजे एक काठीवाले आजोबा. रविवारी गाडी नीट पळाली तर त्यांच्या सगळ्या गाड्या देखभालीला मुलाकडे येणार. वर्षभर पोरगं त्या इंजिनाशी झोंबतंय. आणि गाडी बघावी तर नाकापासून चाकापर्यंत चिखल! वाळून खडखडीत. शेजारच्या गाड्या आरशासारख्या, आमची लोळून उठलेल्या म्हशीसारखी. विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाला, आई, हात लावू नकोस, ती अशीच ठेवायची असते. कळलं मला. वेळ मिळाला नसेल, आईपुढे कबूल कसं करणार?

शुक्रवार, दुपार.
निश्चय जरा ढिला केला. एक जण दोरी ओलांडून घुसला, त्याला म्हटलं, डोळे घरी ठेवून आलास का? तो परीक्षक निघाला. शिट्टी खवळला. परीक्षकाने तसं कपाळावर लिहून यावं.

शनिवार.
सगळे चाचणी बघायला पळाले. तंबूत मी आणि सतरा नंबर. लोक दोरीबाहेरून त्या चिखलाचे फोटो काढतात! मुलाची अब्रू अशी चव्हाट्यावर. मला बघवेना. बादली होतीच. साबण बाटल्यांवाल्या बाईकडून आणला. कंबर गेली, पण गाडी लखलखली. बाजूच्या पत्र्यावर कुणीतरी तेलकट खडूने गिचमिड केली होती. ती निघता निघेना. नखाने काढली.

शनिवार, संध्याकाळ.
मालक आले. गाडी बघितली आणि मटकन खालीच बसले. डोळ्यांत पाणी. आनंदाने माणूस असा रडतो. माझ्या लग्नात माझा बाप असाच रडला होता. मुलगा पांढराफटक. त्याला म्हटलं, आभार नंतर मान, आधी बादली ओत.
उद्या गाड्या आमच्याच.

रविवार.
सतरा नंबर पळाली. बाणासारखी. इंजिन कुठे अडखळलं नाही. बघायला मालकच नव्हते.
शिट्टीने जाकीट काढून घेतलं आणि सांगितलं. मालकांचा धाकटा भाऊ ती गाडी चालवायचा. चिखल त्याच्या शेवटच्या रेसचा. ती गिचमिड म्हणजे त्याची सही. तो गेल्यापासून गाडीला कुणी फडकं लावलं नव्हतं.
मग मला काय स्वप्न पडणार होतं? पाटी लावायची!
पाटी होती म्हणे. तिच्यावर मी ओलं फडकं वाळत घातलं होतं.

सोमवार.
मुलगा ओरडत नाही. ओरडला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. जेवला, उठून स्वतःचं ताट घासलं. जन्मात कधी घासलं नव्हतं. सून म्हणते, मालकांनी अजून काही कळवलेलं नाही.
माझ्या नखांत तो पिवळट चिखल अजून आहे. हात धुवायला उठले. नळ सोडला. परत बंद केला.
फोन वाजतोय. मुलाचाच, वर मालकांचं नाव. सून स्वयंपाकघरातून ओरडली, तुमच्या हाताशीच आहे, घ्या. मुलगा दारात येऊन उभा. मला आजपासून कमी ऐकू येतं. फोन सुनेनेच उचलायचा.