सगळे तुकडे मिळाले

४ मार्च

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही! खाली होड्या दुरुस्तीची शेड, वर मी. खिडकी उघडली की थेट पाणी दिसतं. पलंग करकरतो, पण मीही घोरतो, तेव्हा फिट्टंफाट.

मालकीणबाई कमी बोलतात. आधीची नोकरी का सोडली हे त्यांनी विचारलं नाही, मीही आपणहून सांगायला गेलो नाही. पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातली हिरवी होडी. इंजिन तिच्या पोटातच बसवलेलं, वयानं माझ्याहून थोरलं असेल. दहा मिनिटांत तापतं. होडी बाईंच्या वारलेल्या भावाची. येत्या रविवारी त्याच्या सात वर्षांच्या मुलीला तिच्यातून फिरवून आणायचं, असं बाईंनी तिला कबूल केलंय. मी म्हटलं, दोन दिवस द्या, हा तर माझ्या हातचा मळ.

६ मार्च

पंप उघडला. बाहेरचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवतो तो हा. आत सहा पात्यांचं रबरी चाक फिरतं. चाक नवंकोरं, सहाही पाती शाबूत. मग पाणी अडतं कुठे? पुढची नळ्यांची पेटी खोलली, तर एका नळीच्या तोंडाशी जुन्या पात्याचा तुकडा अडकलेला. म्हणजे कुणीतरी तुटकं चाक बदललं आणि तुटलेली पाती शोधलीच नाहीत. त्या मेकॅनिकचा मी मोठ्यानं उद्धार केला.

नंतर जेवणाचं ताट तसंच बाजूला सरकवलं. कारण मीही एकदा हेच केलंय. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी. तीन पाती तुटली होती. एक मिळालं, दोन मिळेनात. मला घरी जायची घाई. होडीच्या मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांना बिनदिक्कत सांगितलं की सगळे तुकडे मिळाले. इंजिन तापलं की वाजणारा भोंगा चाचणीत कानाशी कोकलत होता, म्हणून त्याची वायर कापली होती, तीही जोडायची राहिली. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, होडी खडकावर गेली. दादा गेले. लोकांनी वाऱ्याला दोष दिला. मी गप्प बसलो आणि गाव सोडलं.

पण ती होडी पांढरी होती.

८ मार्च

हिरव्या रंगाखाली पांढरा रंग आहे.

फळीमागे भोंग्याची कापलेली वायर सापडली. टोकाला निळी टेप, शेवट आत दुमडलेला. पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून टेप अशी दुमडायची सवय माझी. आजवर दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

वायर जोडली. दुसरा तुकडाही मिळाला. हिशेबानं तो शेवटचा. बाई चहा घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या की भावाचा त्याच्या जुन्या मेकॅनिकवर फार जीव होता, घरचा डबाही पाठवायचा त्याला. खरं आहे. तो डबा मी खाल्लाय.

९ मार्च

पेटीत तिसरा तुकडा. जेवून आलो तर चौथा. इंजिन दोन दिवस बंद आहे, तरी तुकडे कोमट.

वायर पुन्हा कापलेली. निळी टेप. दुमडलेली.

१० मार्च

तुकडे नऊ झाले. चाकाला पातीच सहा असतात.

आणि इंजिन? एकदम गार. तासभर चालवलं, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बाई खूश. म्हणाल्या, मिस्त्री, उद्या तुम्हीही चला.

सांगायचं ठरवून त्यांच्या दारात गेलो. भाची आत्याच्या मांडीवर बसून पायात मोजे चढवत होती. बाईंनी विचारलं, काय हो? मग तोंडून निघालं ते एवढंच, सगळे तुकडे मिळाले.

तेच शब्द. मला म्हणायचे नव्हते. मी म्हटले.

११ मार्च, सकाळ

होडीतच लिहितोय. धक्का मागे गेला. काटा मधोमध. पोरगी हसतेय — दादांसारखे पुढचे दोन दात —

बंदराचं तोंड. काटा चढतोय. बाईंना परत फिरा म्हटलं — सुकाणू वळत नाही म्हणतात —

भोंगा वाजतोय. वायरची दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत. तरी वाजतोय —

इंजिन बंद. खडक दिसतायत. नांगर टाकला, तळाला लागत नाही —

पोरगी जवळ आली. मूठ उघडली. रबराचा तुकडा, ओला, गरम. बाबांनी दिला म्हणते. विचारते, हा तुमचा का —

बाई माझ्याकडे बघतायत. आता सांगतो. आत्ता. बाई, दादांचा तो मेकॅनिक —